सोसायटीचं वायफाय: आधी यादी, मग खरेदी

सचिव: नमस्कार मंडळी. ऑफिस, गेट आणि क्लबहाउसच्या वायफायसाठी तीन कोटेशन आली आहेत. तिन्हींचं म्हणणं एकच, जुनं सगळं काढा आणि वायफाय ७ चे अ‍ॅक्सेस पॉइंट, म्हणजे नव्या पिढीच्या वायफायच्या पेट्या, लावा. रक्कम मोठी आहे. कमिटीने ठरवण्याआधी सभासदांचं मत हवंय. पीडीएफ वर टाकल्या आहेत.

सी-६०१: गेटवरचा टॅब रोज संध्याकाळी अडकतो. काल आई रिक्षातून उतरून पावसात उभी होती, वॉचमनकडे एंट्रीच होईना. जे करायचं ते लवकर करा.

ए-३०२: एकदाच नवीन करून टाका. परत पाच वर्षं बघायला नको.

बी-७०४: तिन्ही कोटेशन वाचली. ऑफिसांची नेटवर्क लावणं हेच माझं काम, म्हणून जरा सविस्तर लिहितो. नव्या पेट्या लावल्या तरी गेटवरचा टॅब अडकतच राहील अशी मला भीती आहे. अडचण पेटीत कमी आहे. जुन्या उपकरणांत आणि त्यांच्यासाठी चालू ठेवलेल्या सेटिंगमध्ये जास्त आहे.
एका चॅनलवर एका वेळी एकच उपकरण बोलतं, बाकीचे थांबतात. १५०० बाइटचं पॅकेट ५४ एमबीपीएसने गेलं तर पाव मिलिसेकंदही लागत नाही. तेच १ एमबीपीएसने गेलं तर १२ मिलिसेकंद. टोलनाक्यावर एकच लेन चालू आहे आणि पुढचा माणूस सुटे पैसे मोजतोय, तसं होतं. मागची गाडी कितीही महागडी असो, तिला थांबावंच लागतं.
ऑफिसमधलं हजेरीचं मशीन ८०२.११बी वर चालतं. ते १९९९ चं स्टँडर्ड, कमाल वेग ११ एमबीपीएस. त्याच्यासाठी आपण १ आणि २ एमबीपीएसचे वेग चालू ठेवलेत. त्यात नेटवर्कची नावं सहा. प्रत्येक नावाची हाक सेकंदाला साधारण दहा वेळा जाते आणि तीही सगळ्यात कमी वेगाने. कोणी काही वापरत नसतानाही हवेतला साधारण दहावा हिस्सा यातच संपतो.

सी-६०१: मग ते मशीन काढून टाका ना.

बी-७०४: काढायची गरज नाही ताई. त्याच्या मागे केबलचं पोर्ट आहे. ऑफिसच्या स्विचला जोडलं की ते हवेतून बाहेर. मग कमी वेग बंद करता येतात. सहा नावांची तीन करू: कामकाजाचं, पाहुण्यांचं आणि जुन्या उपकरणांचं. एवढं करायला एक पैसा लागत नाही. खरेदीआधी हेच करून बघावं असं मला मनापासून वाटतं.

ए-३०२: पण नवीन घेतलं की सगळं आपोआप फास्ट होतं ना? कोटेशनमध्ये तसंच लिहिलंय.

बी-७०४: नवीन अ‍ॅक्सेस पॉइंट जुन्या उपकरणाला जोडून घेतो, त्याचा वेग वाढवत नाही. टाकीच्या पाण्याची पातळी दाखवणारं यंत्र २.४ गिगाहर्ट्झवरच चालतं, ५ वर येऊच शकत नाही. पार्किंगमधले दोन जुने कॅमेरे तर फक्त टीकेआयपी ही जुनी सुरक्षा पद्धत समजतात. त्यांच्यासाठी त्या नेटवर्कची सुरक्षा खाली आणून ठेवलीय. २००९ च्या ८०२.११एन मध्ये टीकेआयपीवर जास्त वेग मिळतच नाही, ५४ च्या पुढे गाडी सरकत नाही. क्लबहाउसचा एन राउटर चांगला आहे, पण या एका सेटिंगने त्याचे पाय बांधलेत.
हे दोन कॅमेरे मात्र खरंच बदलावे लागतील, केबलवरचे घेऊ. कॅमेरा मुळात वायफायवर असूच नये.

बी-२०३: साहेब, एक सुचवू का? वॉचमन आणि कामवाल्या ताईंचे फोन फार जुने आहेत. त्यांना वायफाय बंद केलं तर निम्मा भार कमी होईल.

बी-७०४: काका, याला माझा विरोध आहे. रात्रपाळीचा वॉचमन त्याच वायफायवर गावी मुलांशी बोलतो. त्याचा फोन जुना असला तरी एन वर चालतो, बी बंद केल्याने त्याला धक्का लागत नाही. २.४ चालू ठेवून चॅनल १, ६, ११ असे वाटून दिले आणि रुंदी २० मेगाहर्ट्झवर ठेवली की हे फोन नीट चालतील. आता तीन राउटर ३, ४ आणि ५ वर बसून एकमेकांवर ओरडताहेत. ज्यांचे फोन नवे आहेत ते ५ गिगाहर्ट्झवर जातील, जागा आपोआप मोकळी होईल.
डब्ल्यूपीए-३ या वायफाय सुरक्षेच्या नव्या पद्धतीबद्दलही हेच. ते २०१८ मध्ये आलं. कामकाजाच्या नेटवर्कला लावूच, पण सगळीकडे सक्तीचं केलं तर जुने फोन जोडलेच जाणार नाहीत. पाहुण्यांचं नेटवर्क डब्ल्यूपीए-२ वर ठेवू आणि त्यातून ऑफिसच्या कॉम्प्युटरपर्यंत वाट ठेवायची नाही.

बी-२०३: पटलं. सूचना मागे घेतो.

खजिनदार: म्हणजे खरेदी काहीच नाही? की थोडी? मला आकडा लागेल. सिंकिंग फंडातून करता येईल का, असंही एकाने विचारलंय.

सचिव: सिंकिंग फंड यासाठी नाही मॅडम. तो पुनर्बांधणी आणि मोठ्या संरचनात्मक कामांसाठी असतो. ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यायचीच आहे, तिथे विषय ठेवू.

बी-७०४: खरेदी आहे मॅडम, फक्त क्रम वेगळा. माझ्या मते पैसा आधी केबलवर जावा. क्लबहाउसला आता रिपीटर आहे. तो ऐकतो त्याच रेडिओवर पुढे बोलतो, म्हणून वेग तिथेच अर्धा होतो. ऑफिसपासून क्लबहाउस केबलच्या वाटेने १०० मीटरच्या पुढे जातं, तांब्याच्या केबलची मर्यादा तेवढीच. तिथे फायबर टाकावं लागेल. दोन इमारतींच्या मधे उघड्यावरून जाताना फायबरच बरं, वळवाच्या पावसात वीज कडाडली तरी त्यातून करंट स्विचपर्यंत येत नाही.
दुसरं, ऑफिसचा स्विच १०० एमबीपीएसचा आहे. त्याच्यामागे वायफाय ७ लावणं म्हणजे पैसे पाण्यात. गिगाबिटचा पीओई स्विच (नेटवर्कच्या केबलमधूनच वीज देणारा) घ्यायचा, प्रत्येक पोर्टला ३० वॉट देणारा, म्हणजे ८०२.३एटी. जुन्या अ‍ॅक्सेस पॉइंटचे २४ व्होल्टचे अ‍ॅडाप्टर वेगळ्या जातीचे आहेत. ते नव्या उपकरणांना चुकूनही लावायचे नाहीत, जळू शकतं. लेबल लावून बाजूला ठेवू.
हे झालं की गेट आणि क्लबहाउसला वायफाय ६ चे दोन अ‍ॅक्सेस पॉइंट पुरतील. ए विंगचा ८०२.११एसी राउटर तसाच राहू दे, त्याला अजून अपडेट येतात. ज्यांना अपडेट बंद झालेत ते मात्र चालू असले तरी काढायचे.

ए-३०२: आता मुद्दा कळला. मग कोटेशन परत मागवायची का?

सचिव: हो, याच क्रमाने. पण त्याआधी यादी लागेल. बी-७०४ साहेब, कोष्टक टाकाल का?

बी-७०४: आज रात्री टाकतो. उपकरण, कुठे आहे, बी की एन की एसी, ५ गिगाहर्ट्झ चालतं का, केबलचं पोर्ट आहे का, आणि शेवटचा अपडेट कधीचा. यात गेटची एक नोंद हवी: संध्याकाळी सात ते नऊ टॅबला सिग्नल किती मिळतो. केबिनच्या मागे लिफ्टची आरसीसी भिंत आहे. तिथे अ‍ॅक्सेस पॉइंट केबिनच्या आतच लागेल असा माझा अंदाज आहे, पण मोजल्याशिवाय भोक पाडायचं नाही.

सी-६०१: सातला मी ऑफिसातून येते. गेटवर थांबून मोजून देईन, कुठलं अ‍ॅप ते सांगा.

खजिनदार: रविवारी दहाला ऑफिस उघडते. हजेरीचं मशीन तेव्हाच केबलवर घ्या, सोमवारी पगाराची हजेरी काढायची आहे.

बी-२०३: डक्टची किल्ली माझ्याकडे आहे. शिडी कोण आणतंय?