गोव्यात आलात, पण घरचे देवधर्म कसे चालवता? (अनुभव धागा)

मंडळी, घाटावरून, कोकणातून, विदर्भातून पोटापाण्यासाठी गोव्यात येऊन राहिलेल्यांसाठी हा धागा. कुळाचारातलं काय टिकलं, काय सुटलं, इथलं काय उचललंत, मोकळेपणाने लिहा.

मीच सुरुवात करते. आम्ही मूळचे गडहिंग्लजचे, आता डिचोलीत. आमच्या वाड्यावर जवळजवळ सगळ्यांचे गणपती दीड दिवसाचे, ऋषिपंचमीला पोचवून सगळे मोकळे होतात आणि आमच्याकडे तेव्हा गौरीची तयारी सुरू. पहिल्या दिवशी भाजी-भाकरी, दुसऱ्या दिवशी पुरणपोळी. शेजारच्या काकींनी पहिल्यांदा विचारलं, "देवीला भाकरी वाढता?" आता दरवर्षी हक्काने ज्वारीची भाकरी मागून नेतात. मी त्यांच्याकडून माटोळी उचलली, गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगायची नि तिला नारळाची पेंड (म्हणजे घड), सुपारीचे घोस, चिबूड, रानातली फळं बांधायची. सासूबाई म्हणाल्या, हे काय फळांचं दुकान मांडलंयस! असो.

वास्कोहून
आमचा खंडोबा. चंपाषष्ठीला तळी उचलायची तर पाच जण पाहिजेत, आणि भाड्याच्या घरात आम्ही बापलेक दोघंच. कंपनीतले दोघे आले, पाचवा मिळेना, तर खाली नाताळची चांदणी लावत असलेले घरमालक अंकल म्हणाले मी येतो. ताम्हनात खोबरं, पानसुपारी, भंडारा, सगळ्यांनी हात लावून तीनदा वर उचललं, 'सदानंदाचा येळकोट' अंकलनी सगळ्यात मोठ्यांदा म्हटलं. नंतर फरशीवरचा पिवळा डाग बघून आंटी जे बोलल्या ते इथे लिहीत नाही :) भरीत-भाकरी मात्र दोघंही पोटभर जेवले.

वेर्ण्याहून
मी बंजारा, मानोरा तालुक्यातला, आम्हा बंजाऱ्यांचं तीर्थक्षेत्र पोहरादेवी आमच्याच तालुक्यात. घरात गोरबोली, बाहेर मराठी, पोरं शाळेतून कोंकणी घेऊन येतात. तांड्यावर तीजला पोरी टोपलीत गहू पेरतात, नऊ दिवस पाणी घालतात, गाणी म्हणतात. इथे फ्लॅटच्या बाल्कनीत गहू उगवतो हो, पण गाणी म्हणायला बाया कुठून आणणार? एकदा कळंगुटला किनाऱ्यावर माळा विकणारी लमाणी बाई दुसरीशी बोलत होती, ऐकलं तर आपलीच बोली! ती कर्नाटकातली. मी बोललो तर माळ राहिली बाजूला, आधी गोत विचारलं. मग दर १५ फेब्रुवारीला आमचे संत सेवालाल महाराज यांच्या जयंतीला त्यांच्या वस्तीवर जायला लागलो. निखाऱ्यावर तूप नि गोड सोडून भोग लावतात, अरदास (प्रार्थना) म्हणतात, सगळं तांड्यावरच्यासारखं. मराठी मंडळात मला 'तुम्ही लोक' म्हणतात, तिथे कुणी म्हणत नाही.

साखळीहून
मी इथलाच, तरी लिहितो. 'घाटी' हा शब्द आमचे लोक सर्रास वापरतात, खरं आहे, आणि वाईट आहे. गंमत म्हणजे तोच माणूस घरात कोंकणी बोलतो आणि गणपतीपुढे 'सुखकर्ता दुःखहर्ता' मराठीतच म्हणतो. वास्कोच्या दामोदर सप्ताहात चोवीस तास अखंड भजन चालतं, तिथे तुकोबांचा अभंग सुरू झाला की कोण कुठचा ते कुणी विचारत नाही. बाहेर चहाच्या गाड्यावर परत विचारतात, ते वेगळं.

धागाकर्ती
वेर्णाकर, 'तुम्ही लोक'वाल्यांना हा धागा दाखवा. आणि कुणी सांगेल का, गौरीसाठी आंबाडीची भाजी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिळते का? दरवेळी बेळगावहून येणाऱ्याच्या हातापाया पडावं लागतं.