रोबो व्हॅक्यूमच्या चाकांचं रबर झिजलंय, घरच्या घरी बदलता येईल का?

मेघना_डोंबिवली
आमच्याकडे रोबो व्हॅक्यूम आहे. आईला गुडघ्यांमुळे वाकून केर काढणं जमत नाही, त्यामुळे रोजचा केर आणि हलकी ओली पुसणी हाच करतो. हॉलमध्ये व्हिट्रिफाइड टाइल्स आहेत आणि बेडरूमच्या दारात ग्रॅनाइटची पट्टी आहे, साधारण दीड सेंटीमीटर उंच. पूर्वी ती पट्टी तो सहज चढायचा. आता तिथे चाकं जागच्या जागी फिरतात आणि मशीन तिरकं होऊन अडकतं. चार्जिंगच्या डॉकवर चढतानाही घसरतो. अ‍ॅपमधल्या नकाशात बेडरूम वाकडी दिसायला लागली आहे.

उलटं करून बघितलं तर उजव्या चाकावरची नक्षी जवळजवळ गेलेली आहे, डाव्यावर थोडी शिल्लक आहे. सर्व्हिस सेंटर म्हणतं की मोटरसकट दोन्ही चाकांचे पूर्ण संच बदलावे लागतील. मोटर तर व्यवस्थित चालते आहे. ऑनलाइन नुसती रबरी टायरं मिळतात असं दिसलं. ती बसतील का? फक्त उजवं बदललं तर चालेल का? कुणी घरी केलं असेल तर नीट सांगा, आईची सगळी भिस्त या मशीनवर आहे.

दुरुस्ती_नाशिक
मेघनाताई, बदलता येतं आणि अवश्य बदला. चांगली मोटर आणि गिअर केवळ रबरासाठी कचऱ्यात जावेत हे मला पटत नाही. पण टायर मागवण्याआधी तीन गोष्टी बघून घ्या.

पहिली गोष्ट, मशीन बंद करून पालथं ठेवा आणि दोन्ही चाकं बोटाने आत दाबून सोडा. दोन्ही सारख्याच जोरात बाहेर यायला हवीत. चाकांमागे स्प्रिंग असते, ती चाक जमिनीवर दाबून धरते. खाचेत केस आणि धूळ दाटली की चाक अर्धवट आतच राहतं. मग कितीही नवं रबर घाला, घसरणारच. आसाला गुंडाळलेले केस चिमट्याने आणि छोट्या कात्रीने काढा.

दुसरी, रबर कधी झिजलेलं नसतं, नुसतं चकाकतं. फरशी पुसायच्या द्रावणाचा आणि स्वयंपाकघरातल्या तेलकट धुळीचा थर त्यावर बसतो. कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा, मग बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवा. थिनर किंवा पेट्रोल लावू नका, रबर फुगतं. तुमच्या उजव्या चाकाची नक्षीच गेली आहे, म्हणजे ते बदलावंच लागेल, पण सफाईनंतर फरक किती पडतो ते तरी कळेल.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची: टायर वेगळं निघणारं आहे की रबर प्लास्टिकवरच ओतून घट्ट केलेलं आहे? कडेला नख घालून बघा. कड उचलली गेली तर काम सोपं आहे.

माप घेताना झिजलेल्या टायरचं घेऊ नका, ते कमीच येणार. टायर उतरवून आतल्या प्लास्टिकच्या चाकाचा व्यास आणि रुंदी मोजा. नवं टायर आतून किंचित लहान हवं, ताणून बसलं तरच पकड राहते. बसवण्याआधी थोडा वेळ गरम पाण्यात ठेवलं तर नरम होतं. जुनं टायर उतरवण्यापूर्वी फोटो काढा, कारण नक्षीला दिशा असते आणि डावं-उजवं आरशातल्यासारखं उलट असतं.

आणि बदलाल तर दोन्ही बदला. चाक किती फिरलं यावरून मशीन अंतर मोजतं. एक चाक जाड आणि एक बारीक झालं की ते एका बाजूला ओढलं जातं आणि सतत स्वतःला सावरत नागमोडी जातं. तुमचा नकाशा वाकडा होतोय त्यामागेही हेच असावं: चाक फिरतं, पण मशीन पुढे सरकत नाही.

सायकलवेडा_पुणे
मी सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून चाकांवर चढवली आहे. कोरड्या फरशीवर मस्त चालतं. खर्च शून्य.

दुरुस्ती_नाशिक
कोरड्या फरशीवर चालेल, पण मेघनाताईंकडे ओली पुसणी आहे. ट्यूब सपाट असते, पाणी निघून जायला खाचा नसतात आणि ग्रॅनाइटच्या पट्टीच्या कडेला धरून चढायला दातेही नसतात. शिवाय जाडी सांभाळावी लागते. समजा चाक ७० मिमी व्यासाचं आहे, तर एका फेरीत ते सुमारे २२० मिमी जातं. त्यावर १ मिमी जाड ट्यूब चढवली की व्यास ७२ होतो, म्हणजे शंभर फेऱ्यांमागे जवळपास ६३ सेंटीमीटरचा फरक. रबर तेवढंच झिजलेलं असेल तर हिशोब जुळतो, नाहीतर बिघडतो. वर लेझरने खोली मोजणारा मनोरा असलेली मशीन ही चूक बरीचशी सुधारून घेतात. मनोरा नसलेल्यांना ते अवघड जातं.

मेघना_डोंबिवली
खूप आभार. कड उचलली गेली, टायर वेगळं आहे. बाहेरची टोपी आणि मधला स्क्रू काढल्यावर चाक हातात आलं. आतल्या बाजूला रबराला छोटे दाते आहेत आणि ते प्लास्टिकच्या खाचांत बसतात. त्याच मापाची जोडी मागवली आणि बसवली. आता पट्टी चढतो! फक्त उजवीकडून घासल्याचा आवाज येतो. आणि टायर निघू नये म्हणून फेविक्विक लावू का?

दुरुस्ती_नाशिक
वा, छान झालं! फेविक्विक नको. ते कडक होऊन तडकतं आणि रबर सतत वाकत असतं. दाते खाचांत नीट बसले असतील तर चिकटवायची गरजच नाही. ज्यांचं रबर ओतीव आहे त्यांनी ते ब्लेडने सपाट करून वर पट्टी चढवताना रबराचं काँटॅक्ट अ‍ॅडहेसिव्ह वापरावं: दोन्ही बाजूंना पातळ थर, हाताला चिकटेनासा होईपर्यंत वाळू द्यायचा, मग दाबायचं.

आवाजासाठी चाक हाताने हळू फिरवून बघा. नव्या टायरच्या कडेला साच्याची बारीक रेघ उरलेली असते, ती बॉडीला घासते. नेलकटरने कापून टाका. तेही नसेल तर एखादा दाता खाचेबाहेर राहिला असेल, तेवढाच भाग उचलून परत बसवा.

मग अ‍ॅपमधला जुना नकाशा पुसा. सतरंजी आणि पायपुसणी उचलून ठेवा, खोल्यांची दारं उघडी ठेवा आणि नवा नकाशा काढायला लावा. पहिल्या फेरीत पाण्याची टाकी लावू नका. नव्या टायरवर साच्यातला तेलकटपणा असू शकतो, तो एकदा पुसून घ्या, मगच ओली पुसणी सुरू करा.