मदत हवी आहे: पीचचे डोळे जूनमध्ये भरावेत की ऑगस्टअखेर?

खुंट (ज्यांवर पीचचा डोळा, म्हणजे फुटीचा अंकुर, बसवायचा ती रोपं) पेन्सिलीएवढे जाड आहेत, साल सहज सुटते. टी-पद्धतीने, म्हणजे सालीला इंग्रजी T सारखी चीर देऊन, जमिनीपासून १५ सेंमीवर डोळा भरायचाय. जूनचा डोळा त्याच हंगामात फुटतो, पण वाढीला जेमतेम तीन-चार महिने मिळतात, रोप बारीक राहतं. ऑगस्टअखेरचा जुळून निजून राहतो. वसंतात डोळ्याच्या वर खुंट छाटला की पूर्ण हंगाम जोमाने वाढतो. वर्ष मात्र खर्ची पडतं.

खरी अडचण जूनची. शेंडा एकदम छाटला तर मुळं उपाशी पडून खुंटच दगावतो. मग डोळ्याखाली किती पानं ठेवता? शेंडा आधी वाकवायचा का, आणि डोळ्यातून आलेला कोंब किती सेंमी झाल्यावर शेंडा पूर्ण छाटायचा? डोळ्यावर बांधलेली पट्टी कधी सोडता? उशीर झाला की ती सालीत रुतते.