लटकता दिवा काढून छतात बसणारे एलईडी लावायचेत, मदत हवी आहे

हॉलच्या मधोमध लांब दांडीचा लटकता दिवा आहे. उंच माणसाच्या डोक्याला लागतो, आणि उजेड म्हणाल तर फक्त खालच्या टेबलापुरता, कोपरे अंधारेच. तो काढून पीओपीच्या छतात १० वॅटचे ६ गोल डाउनलाइट बसवायचा विचार आहे. पीओपी आणि स्लॅबमध्ये जेमतेम ३ इंच जागा आहे. एवढ्यात दिव्याचा ड्रायव्हर (एलईडीला योग्य वीज पुरवणारा छोटा डबा) तापून लवकर जातो का? की वरून लागणारे सरफेस पॅनेलच बरे?

वायरमन म्हणतो, जुन्याच पॉइंटवरून सगळ्यांना लूप करू. एकूण ६० वॅट, वायरला तो भार काहीच नाही, हे पटतं. पण छताच्या आत नुसती टेप गुंडाळलेले जोड मला नकोत. कनेक्टर पुरतात की जंक्शन बॉक्सच घ्यावा? डिमर जुना, साध्या बल्बचा आहे. दिवे डिमेबल घेतले तरी त्यावर लुकलुकतील अशी शंका आहे. तोही बदलावा लागेल का?

उजेडाचा रंग ३००० केल्व्हिन (पिवळसर) की ४००० (पांढरट), यावर घरात एकमत नाही, पण तो वाद तुमच्यावर सोपवत नाही! मधल्या हुकाचं भोक कुणी कसं झाकलं, तेवढं मात्र सांगा.