संगणकासाठी स्वस्त पण सुश्राव्य स्पीकर : आपले अनुभव लिहा

जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये असो वा धुळ्याच्या एखाद्या दुकानात, स्पीकर मागितले की विक्रेता आधी मोठा वूफर, म्हणजे खर्जाचा स्पीकर, लावून दाखवतो आणि त्या दणदणाटात गाण्याचे शब्द स्पष्ट ऐकू येतात का, हे तपासायचे राहून जाते. साधारण चार हजार रुपयांपर्यंतचे स्पीकर वापरणाऱ्यांनी काय घेतले, का घेतले आणि ते टेबलावर कसे मांडले, हे सविस्तर लिहावे.

जळगावहून
खोक्यावर ठळक छापलेल्या पीएमपीओ (क्षणभराच्या कमाल शक्तीच्या) वॅटकडे मी लक्ष देत नाही, कारण तो आकडा मोजण्याची सर्वमान्य पद्धतच नाही. स्पीकर सातत्याने किती शक्ती देऊ शकतो हे आरएमएस वॅटवरून कळते. तीही दुप्पट झाली तर आवाज जेमतेम ३ डेसिबलने वाढतो, त्यामुळे हातभर अंतरावर बसून ऐकणाऱ्याने १० वॅट घ्यावेत की २० यावर फार डोके शिणवू नये. माझी जोडी यूएसबीवर चालते. यूएसबी २.० पोर्टमधून ५ व्होल्ट आणि अर्धा अँपिअर, म्हणजे अडीच वॅटच मिळतात, तरी व्याख्याने, बातम्या आणि रात्रीची जुनी गाणी यांसाठी ती पुरेशी आहे. शिवाय वीज गेली तरी लॅपटॉपच्या बॅटरीवर ती सुरू राहते, आणि आमच्या भागात हा फायदा लहान नाही.

शिरपूरहून
जळगावच्या भाऊंचे मत मला निम्मेच पटते. आमच्या घरी कानबाईची आणि लग्नातली अहिराणी गाणी लागतात, आणि ढोलाचा ठेका अंगात भिनला नाही तर ती ऐकण्यात मजा नाही. दोन-अडीच इंची स्पीकरला १०० हर्ट्झच्या खालचा, म्हणजे खोल खर्जाचा, आवाज झेपत नाही, म्हणून आम्ही वेगळा वूफर असलेला २.१ संच घेतला. मात्र त्याच्या बेसचे बटण आम्ही निम्म्याच्या पुढे नेत नाही आणि वूफर खोलीच्या कोपऱ्यात ठेवत नाही. कोपऱ्यात खर्ज फुगतो आणि पुरुष गायकाचा आवाज घागरीतून आल्यासारखा घुमतो.

भुसावळहून
आमच्या स्पीकरमधून गाणे बंद असतानाही बारीक घूं-घूं येत असे आणि दुकानदार स्पीकर बदलून घ्या म्हणत होता. लॅपटॉपचा चार्जर काढल्याबरोबर ती थांबते हे लक्षात आले, तेव्हा दोष स्पीकरचा नसून अर्थिंगचा आहे हे कळले. चार्जर एका सॉकेटवर आणि स्पीकर दुसऱ्या खोलीतून ओढलेल्या वायरवर असला, की दोन्हींच्या अर्थिंगमध्ये फरक पडतो आणि ३.५ मिमीच्या ऑडिओ केबलमार्गे आपल्याकडच्या ५० हर्ट्झ विजेची गुणगुण स्पीकरमध्ये उतरते. दोन्ही एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घेतल्यावर ती बरीच कमी झाली, आणि वायरमनकडून घराचे अर्थिंग नीट करून घेतल्यावर पूर्ण गेली. जुन्या घरांत राहणाऱ्यांनी नवे स्पीकर घेण्याआधी एवढे पाहून घ्यावे.

अमळनेरहून
जागा बदलण्याला पैसे लागत नाहीत. दोन्ही स्पीकरमध्ये जेवढे अंतर, तेवढेच ते कानापासून ठेवावेत, तोंडे किंचित आत वळवावीत आणि खाली जाड पुठ्ठा किंवा फोम देऊन ती कानाच्या दिशेने वर उचलावीत. साध्या जोडीतही गायक बरोबर मधोमध उभा असल्यासारखा वाटू लागतो.

धुळ्याहून
थोडे थांबून जास्त पैसे घालता येत असतील, तर एडिफायर आर१२८०टी सारखी लाकडी खोक्यातली जोडी ऐकून पाहावी. ४ इंची वूफर, उंच स्वरांसाठी वेगळा ट्वीटर आणि एकूण ४२ वॅट आरएमएस असल्याने तबल्याचा बायाँ आणि गायकाचा श्वास दोन्ही वेगवेगळे ऐकू येतात. वेगळ्या वूफरची उणीव मला तरी भासली नाही. टेबल मात्र मोठे हवे.

चाळीसगावहून
मी शिकवण्याचे व्हिडिओ संपादित करते. ब्लूटूथवर आवाज ओठांच्या मागे पडतो, त्यामुळे काम करताना वायरच लावते आणि ब्लूटूथ फक्त फोनवरच्या गाण्यांसाठी ठेवते. धुळ्याच्या दादांना एक विचारायचे आहे: एप्रिल-मे महिन्यांत, खोलीत कूलर सुरू असताना, त्या जोडीचा आवाज किती वाढवावा लागतो?