काप्री: विद्यापीठाच्या ग्रुपबरोबर गेलेल्यांनो, लिहा

इटलीत शिकायला आलेली मराठी मुलं कधी ना कधी कॉलेजच्या टोळीबरोबर नेपल्सजवळच्या काप्री बेटावर धडकतातच. फोटो सगळ्यांचे पाहून झालेत. फोटोत आलं नाही ते इथे लिहा. सुरुवात मी करते.

नेपल्सच्या धक्क्यावरून वेगवान बोटीने तासाभरात मरीना ग्रांदेला, म्हणजे बेटाच्या बंदरावर, उतरलो, तर पाटी लागलेली: निळी गुहा (समुद्राच्या पाण्यातली, निळ्या उजेडाची) बंद. लाटा जरा वाढल्या की होड्या आत जातच नाहीत, मग तुम्ही कुठूनही आलेले असा. ग्रुपचा चेहरा पडला. शेवटी बसने अनाकाप्री हे वरचं गाव गाठलं आणि मोंते सोलारो डोंगरावर नेणाऱ्या पाळण्यात बसलो. एकेकट्याची खुर्ची, पायाखालून लोकांच्या बागा सरकतायत, आणि बारा-तेरा मिनिटांत ५८९ मीटरवर. समोर समुद्रातले फाराल्योनीचे सुळके, पलीकडे व्हेसुव्हियस ज्वालामुखी. वाटेत एका मुलाची चप्पल पायातून सुटून खाली कुणाच्या तरी बागेत पडली. तिथल्या आजोबांनी ती उचलली, झटकली आणि ऐटीत कुंपणाला अडकवली. परतताना घ्यायला गेलो तर वर दोन लिंबंही दिली.

———

आम्हाला गुहा मिळाली बुवा! तोंड जेमतेम मीटरभर उंच. नावाडी म्हणतो आडवे व्हा, म्हणजे खरंच आडवे, एकमेकांच्या मांडीवर डोकी ठेवून. तो खडकातली साखळी पकडतो, लाट खाली बसायची वाट बघतो आणि एका हिसक्यात आत. डोळे उघडले तर पाणी खालून दिवा लावल्यासारखं. पाण्याखाली आणखी एक मोठं भोक आहे, उजेड तिथून पाण्यातून गाळून येतो. तांबडा रंग वाटेतच शोषला जातो. हात बुडवला तर चंदेरी दिसतो. पाच मिनिटांत बाहेर. नावाडी गातो आणि मग टिपकडे बघतो, सुट्टे पैसे ठेवा. ज्यांना बंद जागेची भीती वाटते त्यांनी आग्रहाला बळी पडू नये, आमच्यातली एक बाहेरच थांबली आणि अजिबात हळहळली नाही.

———

मी पुरातत्त्वाची विद्यार्थिनी, त्यामुळे आमच्या सरांनी दुकानांकडे बघूही दिलं नाही. थेट विला योविस, रोमन सम्राटाचा जुना महाल. सम्राट टायबेरियस इसवी सन २७ पासून ३७ साली मरेपर्यंत बहुतेक काळ या बेटावरूनच रोमचा कारभार हाकत होता. चढ दमवतो. पण वर गेल्यावर महालापेक्षा त्याची पाण्याची टाकी बघत बसले. बेटावर झरे जवळपास नाहीतच, म्हणून पावसाचं पाणी साठवायला महालाच्या मधोमध प्रचंड हौद. सह्याद्रीतल्या गडांवर टाकी बघत वाढलेल्या माणसाला लगेच कळतं की इथे राजा कुणीही असो, खरा मालक पाऊस. टायबेरियसच्या क्रूरपणाच्या कथा गाइड चवीने सांगतात. त्या लिहिणारे रोमन त्याच्यानंतर कित्येक दशकांनी झाले, एवढं लक्षात ठेवून ऐका.

———

खर्चाचं लिहितो, कारण त्यावर कुणी बोलत नाही. पियाझ्झेत्तात, म्हणजे काप्री गावाच्या मुख्य चौकात, टेबलावर बसलात की कॉफीचा भाव बदलतो, काउंटरपाशी उभ्याने प्या. बसला रांग असेल आणि गुडघे शाबूत असतील तर मरीना ग्रांदेहून अनाकाप्रीला जुन्या पायऱ्या आहेत, ९२१. १८७० च्या दशकात गाडीरस्ता होईपर्यंत वर जायचा हाच मार्ग होता. आम्ही सकाळच्या उन्हातच चढलो, दुपारी नको. शाकाहारींनी काप्रेझे सॅलड मागवावं, टोमॅटो, मोझ्झारेल्ला, तुळशीची बहीण शोभेल अशी बेसिलची पानं. पोट भरत नाही, सोबत ब्रेड घ्या.

आणि परतीच्या बोटीचं तिकीट आधीच काढा. संध्याकाळी धक्क्यावर सगळं बेट एकदम उतरतं.

———

ऑक्टोबरात कुणी गेलंय का? आमचा ग्रुप तेव्हा जातोय, गुहा उघडी मिळते का ते हवंय.