१७-सी (केंद्रावर नोंदलेली मतं) आणि फॉर्म २० (केंद्रनिहाय निकाल) यांचा ताळा: तीन केंद्रांवर अडलोय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

२०२४ च्या विधानसभेला मी आमच्या गावच्या केंद्रावर पोलिंग एजंट (उमेदवाराचा प्रतिनिधी) होतो. २० नोव्हेंबरला पहाटे साडेपाचच्या मॉक पोलपासून (मशीन तपासायला घेतलेलं चाचणी मतदान) रात्री मशीनला सील लागेपर्यंत तिथेच बसून होतो. म्हणूनच निकालापासून गावात जो तो मलाच धरतो, "तू तर आत होतास, मग खरं काय ते सांग."

पारावरचा वाद तुम्हाला माहीत आहेच. संध्याकाळी ५ ला ५८.२२ टक्के, अंतिम आकडा ६६.०५ टक्के, मधली मतं कुठून आली? हा फरक म्हणजेच घोटाळ्याचा पुरावा, असं मला वाटत नाही. पाचचा आकडा केंद्राकेंद्रांवरून घाईत कळवलेला असतो आणि मतदान सहापर्यंत चालतं. सहाला रांगेत असलेल्यांना शेवटच्या माणसापासून चिठ्ठ्या वाटतात. आमच्याकडे कापूस वेचून आलेल्या बायका त्या चिठ्ठ्या मुठीत धरून अंधारात उभ्या होत्या, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. पण शंका घेणाऱ्यांना वेड्यात काढणंही पटत नाही. लोकसभेनंतर सहा महिन्यांत यादीत ४० लाखांच्या आसपास मतदार वाढले, तर लोक विचारणारच. माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीकरांनी मतपत्रिकेवर स्वतःच मतदान घेऊन बघायचं ठरवलं, तेही होऊ दिलं नाही. त्याने शंका वाढलीच.

म्हणून मी कागदांकडे वळलो. मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष एजंटला १७-सीची प्रत देतात, त्यात मशीनमध्ये किती मतं नोंदली गेली ते असतं. फॉर्म २० मध्ये केंद्रनिहाय निकाल येतो. ओळखीच्या एजंटांकडून (सगळ्याच पक्षांच्या) ४१ केंद्रांच्या प्रती जमवल्या आणि 'नोटा'ची मतं धरून बेरजा ताडून पाहिल्या. टपाली मतं वेगळी असतात, ती धरली नाहीत. ३८ जुळल्या. उरलेल्या तिनांवर अडलोय.

एका केंद्रावर ८ मतांचा फरक येतो. प्रत कार्बनची आहे, शेवटचा आकडा १ की ९ तेच कळत नाही. १ धरला तर ताळा बसतो, पण मला हवं तसं वाचून मोकळं व्हायचं नाही. अशा वेळी मूळ १७-सी कोणाकडे आणि कशी बघायला मिळते? कोणी अर्ज केला असेल तर अनुभव सांगा. मी तोंडी विचारलं, तर दोन टेबलांवर फिरवून परत पाठवलं.

दुसऱ्या केंद्रावर ३ मतं कमी आहेत, त्याचं कारण अजिबात सापडत नाही.

तिसऱ्या केंद्राची फॉर्म २० मधली ओळच कोरी आहे. मॉक पोलची मतं पुसायची राहिली किंवा १७-सी आणि मशीनचा आकडा जुळला नाही, तर ते मशीन बाजूला ठेवतात आणि विजयाचं अंतर मोठं असेल तर मोजत नाहीत, हे माहीत आहे. पण इथे तसंच झालं का, हे कोणत्या कागदावरून कळेल? मतमोजणीला बसलेल्या कोणी सांगितलं तर फार उपकार होतील.

आणखी एक. निवडणुकीच्या आकड्यांतली गडबड शोधणाऱ्या रशियातल्या सर्गेई श्पिल्किन यांची पद्धत वापरून मतदानाची टक्केवारी आणि विजेत्याचा वाटा असा आलेख काढला. जास्त मतदान आणि एकतर्फी कौल अशी काही केंद्रं वेगळी दिसतात. पण ती बहुतेक छोट्या वाड्या-तांड्यांची आहेत, तिथे सगळे ठरवून एकगठ्ठा मतं देतात. हे आकड्यांतून वेगळं कसं काढायचं? २०१९ शी तुलना करावी म्हटलं, तर केंद्रांचे क्रमांक बदललेत. संख्याशास्त्रवाल्यांनी कृपया मार्ग सुचवा.

निवडणूक याचिकेची ४५ दिवसांची मुदत कधीच संपली, मला कोर्टात जायचं नाही. विचारणाऱ्यांना त्या तीन केंद्रांचं नीट उत्तर द्यायचंय. एक्सेल तयार आहे, बघणार असाल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, लगेच पाठवतो.